पाकिटाच्या पाठीवर

मंगळवार, १७ फेब्रुवारी १९८७

ताईस,

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी एका जाड खतावणीच्या पाठीला हातोडीने गोलाई देत होतो. पानांची शिवण, जुजबंदी, काल झाली होती, सरस नुकता वाळत होता. या कामात मधे थांबता येत नाही, पाठ वाकडी बसते. तेवढ्यात पोस्टमनकाका दुकानाच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुझ्या बापाच्या नावाने रजिस्टर आलंय. घराला कुलूप, म्हणून इकडे आणलं. तुझा बाप मी सहा वर्षांत पाहिला नाही, तेव्हा तूच कर सही." मी सही केली. खतावणीची पाठ वाकडी बसली.

तुला तार केली तेव्हा शब्दागणिक पैसे पडत होते, म्हणून "बटणाला धरले, काळजी नको" एवढंच लिहिलं. आता सगळं सांगतो. सोमवारी ९ तारखेला आपला धाकटा बटण शाळेतून येत होता. पोहण्याच्या तलावाबाहेर एक सायकल बिनकुलपाची उभी होती. त्याने ती घेतली, मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि परत जागेवर लावायला आला, तर तिथे मालक आणि पोलीस दोघंही उभे. चौदा वर्षांचा घोडा झाला तरी अक्कल अजून बटण गिळलं त्या वयाचीच आहे. पण चोर सायकल परत आणून लावतो का, हे तू सांग.

दहा तारखेला मी अर्धी रजा घेऊन पोलीस चौकीत गेलो. ते म्हणाले, "त्याला निरीक्षणगृहात पाठवलंय. घरी कागद येईल, तारीख त्यात असेल. तोवर उगाच फेऱ्या मारू नका." मग निरीक्षणगृहात गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, "भेट हवी तर न्यायालयाची चिठ्ठी आणा." मी त्याचा टॉवेल आणि स्वेटर नेला होता, तेसुद्धा घेतलं नाही. आम्हाला थांबा म्हणून सांगितलं, आम्ही थांबलो. आई रोज कामावरून आली की आधी दाराखालची फट बघायची.

तर आज आलेला हा कागद म्हणजे समन्स. त्यात लिहिलंय की मुलाच्या पालकाने बाल न्यायालयात सोमवार, दिनांक १६ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता जातीने हजर राहावे. मी ते तीन वेळा वाचलं. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग मालकांच्या टेबलावरचंही पाहिलं. आज सतरा आहे, ताई.

मी तसाच हाताला सरस लागलेला न्यायालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने रजिस्टर काढलं.

"काल का नाही आलात?"

"कागद आज आला, साहेब."

"आमच्याकडे दहा तारखेला बजावलंय."

"पण साहेब, पोस्टमन आज..."

"बजावलं म्हणजे बजावलं. इथे लिहिलंय." आणि त्याने त्या ओळीवर बोट ठेवून ती मला दाखवली, जणू मला वाचता येत नाही.

पुढची तारीख २ मार्च, सोमवार. कारकून म्हणाला की हाच कागद घेऊन यायचं, नवीन मिळणार नाही. "जपून ठेव. फाटला, भिजला, हरवला तर तुम्ही आलाच नाहीत असं धरतात. आणि पुन्हा आला नाहीत तर 'पालक बेपत्ता' असा शेरा पडतो. मग पोरगं मोठ्या संस्थेत, अठरा पूर्ण होईपर्यंत."

अठरा म्हणजे चार वर्षं. दोन फेऱ्यांची.

कागदाची काळजी करू नकोस. तो आता फाटणार नाही, भिजणार नाही, असा पक्का बंदोबस्त मी दुकानात येताक्षणी केला आहे. आईला मी एवढंच सांगितलंय की तारीख दोन मार्च आहे. कालची तारीख गेली हे सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

तुझा,
मास्तर


शनिवार, २१ फेब्रुवारी

मास्तर,

तुझं पत्र काल माझ्याच हातातून गेलं. आपल्याच गावची थैली उघडली, वरच तुझं अक्षर. बाजूची म्हणाली, "कुणाचं गं? छापल्यासारखं लिहिलंय." मी म्हटलं, भाऊ आहे, पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावं घालतो, त्याला चूक परवडत नाही.

पण आता खरं सांग. रागावणार नाही. कागद तुझ्याकडे सोळाच्या आधीच आला होता आणि तू घाबरून गेला नाहीस, असं तर नाही ना? वार्षिक परीक्षेच्या दिवशी तुझ्या पोटात दुखायचं. बाबा गेले त्या वर्षी आठवीचा निकाल आणायलासुद्धा मीच गेले होते, तू शाळेच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलास. तसं झालं असेल तर मला सांग. आईपासून लपव, माझ्यापासून नको.

आणि तसं नसेल, तर त्या कारकुनाच्या "बजावलं म्हणजे बजावलं"ला मी काय म्हणू? मी दिवसाला चार हजार पाकिटं खणात टाकते. इथे एक पाकीट एक दिवस उशिरा गेलं तर साहेब तीन कागदांवर खुलासा मागतात. आणि तिकडे एका पोराची चार वर्षं ज्या पाकिटावर अवलंबून, त्याचा कुणाला हिशेब नाही! ते पाकीट ठेवलंस ना? टाकून दिलं असशील तर कान पिळीन.

२ मार्चला आईला सोबत ने. तिच्या लाँड्रीतल्या मुकादमीणबाईला आदल्या दिवशी सांगून ठेव, नाहीतर ती पूर्ण आठवड्याचे पैसे कापेल. आईला ती निळी साडी नेसायला सांग. आणि तू बोल. उभा राहून बोल. तिथे काही परीक्षा नाही.

मला येता येणार नाही. कारणं आहेत. वीस रुपये मनिऑर्डरने पाठवत आहे, ते घे, मान ठेव, आणि परत पाठवायचा शहाणपणा करू नकोस.

तुझी,
ताई


मंगळवार, ३ मार्च
सकाळी आठ वाजून दहा मिनिटे, दुकान अजून उघडलेलं नाही, पायरीवर बसून

ताईस,

तुझ्या पत्रातली ती एक ओळ मला फार लागली. कागद सतरालाच आला. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही. आणि लपवलेली जी एक गोष्ट आहे, ती आज सांगतो, कारण आता लपवून उपयोग नाही.

मी समन्स प्लॅस्टिकमध्ये बंद केलं.

लॅमिनेशनचं यंत्र मालकांनी दिवाळखोरीत निघालेल्या एका छापखान्यातून गेल्या वर्षी आणलं. ओळखपत्रं, दाखले, दुकानांच्या दरांच्या पाट्या. मीच चालवतो ते. कारकून म्हणाला जपून ठेव. आता माझ्यासारख्याने कागद जपायचा म्हणजे काय करायचं? मी समन्स आणि पाकीट पाठीला पाठ लावलं, चारी कडा बरोबर केल्या, आणि दोन्ही एकत्र गरम रुळांतून काढलं. एक बुडबुडा आला नाही. ताई, मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. वाटलं, आता काही होऊ शकत नाही.

काल आम्ही पावणेदहाला पोहोचलो. लांबट व्हरांडा, दोन बाक, आणि पन्नासेक माणसं. बाकावर बसायला आईला जागा एका भाजीवालीने दिली. ती चौथ्यांदा आली होती. तिच्या नातवाने म्हणे गल्लीत चेंडू मारून काच फोडली होती. "पहिल्या तीन वेळा का नाही झालं, आजी?" मी विचारलं. "कागद उशिरा येतो रे बाबा. मी धावत येते, हे म्हणतात कालच होतं, आता नवा कागद घरी येईल." तिच्या पलीकडचा टांगेवाला म्हणाला, "मला तर आजचा कागद आजच मिळाला. घोडा तसाच जुंपलेला सोडून आलोय, तो आता कुणाच्या दारात उभा असेल देव जाणे." लोक हसले. 

शिपायाने बाबांच्या नावाने तीनदा पुकारा केला तेव्हा साडेतीन वाजले होते. आम्ही उठलो. आत जाण्याआधी कारकुनाच्या टेबलावर हजेरी लागते.

"वडील कोण?"

"ते नाहीत. गेले."

"गेले म्हणजे वारले?"

"नाही. गेले."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पेन उचललं. "बरं. आई आहे ना? चालेल. समन्स द्या."

मी दिलं. त्याने ते उलटं केलं. पाकीट दिसलं. पुन्हा सुलटं केलं. "हे काय आहे?" म्हणाला. मग शिक्का उचलून मारला. शिक्का प्लॅस्टिकवर उमटला, त्याने अंगठा फिरवला, आणि "हजर" हा शब्द त्याच्या अंगठ्याला लागून गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. हजेरीचा शेरा आणि शिक्का समन्सच्या मागच्या बाजूला घेतात, ताई. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने जपून ठेव म्हटलं, मागची बाजू मोकळी ठेव म्हटलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, आम्ही समोर उभे आहोत."

तो म्हणाला, "तुम्ही उभे आहात हे मला दिसतंय. कागदाला दिसायला हवं."

 आई पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या हातावर मारा शिक्का. हात पुसला जाणार नाही. पंधरा वर्षं सोड्यात घातलाय, अजून आहे." आणि खरंच तिने तळहात पुढे केला. कारकुनाने मान खाली घातली आणि रजिस्टरात "गैरहजर" लिहिलं. पुढची तारीख १६ मार्च, सोमवार. समोर दिसलात म्हणून 'बेपत्ता'चा शेरा आज मारत नाही, ही शेवटची, असं त्याने दोनदा सांगितलं.

बटण मला दिसला. व्हरांड्याच्या टोकाला जाळीच्या दरवाज्यामागे मुलं ओळीने बसवली होती. मी हात वर केला. त्याने बघितलं, ताई, नक्की बघितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या शेजारचा मुलगा ओरडून म्हणाला, "हेच का ते, मागच्या वेळी न आलेले?"

तिथे आईला कळलं की एक तारीख आधीच गेली होती.  घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधी सांगत जा. मी काही काचेची नाही."

काल संध्याकाळी मी इस्त्री गरम करून प्लॅस्टिक सोडवायचा प्रयत्न केला. खालचा डावा कोपरा सुटला, पण त्याबरोबर अर्धी सही निघून आली. मी थांबलो. मालक म्हणतात, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालंय तुझं. पस्तीस वर्षांच्या धंद्यात सरकारी कागदाचं लोणचं घातलेलं पहिल्यांदाच बघितलं." ते विनोदाने म्हणतात, पण मला आता शिवणाची सुई ओवता येत नाही.

आज काय करू ते सांग. बाकीचं प्लॅस्टिक फाडून बघू का?

मास्तर


शनिवार, ७ मार्च

मास्तर,

फाडू नकोस! त्या कागदाला हात लावलास तर याद राख. इस्त्री मालकांकडे देऊन टाक.

आधी मी पोट धरून हसले. मग रडले. मग पुन्हा तुझं पत्र वाचलं आणि जागच्या जागी उभी राहिले. पाठीला पाठ लावून, असं लिहिलंयस. म्हणजे एका बाजूने समन्स दिसतं आणि दुसऱ्या बाजूने पाकीट. पाकिटाची कुठली बाजू दिसते? तुझ्यासारखा माणूस पत्त्याची बाजू आत घालणार नाही, मला ठाऊक आहे, पण मला तीही हवी आहे आणि तिची पाठही. काय दिसतं ते बघून लिही.

आता नीट ऐक, हे मला झोपेतही कळतं. रजिस्टर पत्र ज्या पोस्टात टाकलं, तिथला गोल शिक्का पत्त्याच्या बाजूला, तिकिटांवर बसतो. ते ज्या पोस्टातून वाटायला निघालं, तिथला शिक्का पाकिटाच्या मागे बसतो. दोन्हींत तारीख असते, वेळही असते. मागचा शिक्का मारल्याशिवाय पोस्टमनच्या पिशवीत पत्र जातच नाही. कारकुनाने दहाला बजावलं लिहिलं असेल, पण पोस्टाने ते कधी घेतलं आणि कधी पोहोचवलं हे त्या पाकिटावर लिहिलेलं आहे. आणि तू ते असं बंद करून ठेवलंयस की त्यात कुणी नखाएवढा फरक करू शकत नाही. तूसुद्धा नाही. कळलं का, गाढवा?

आता माझं. मला येता येणार नाही, कारणं आहेत, असं लिहिलं होतं. कारण एकच होतं. मी इथे सासरी सांगितलं होतं की बटण मामाकडे शिकायला गेलाय. नवऱ्याच्या पाठची दोन लग्नाची घरात आहेत, भाऊ आत आहे म्हटलं तर तोंडं फिरतील, असं वाटलं. तू मला विचारलं नाहीस आणि मी तुझ्यावरच संशय घेतला. चोराच्या उलट्या बोंबा. काल सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "सायकलच ना? तुझ्या सासऱ्यांनी याच वयात अख्खी बैलगाडी पळवली होती. पोराला आण इथे सुट्टीत." एवढंच. मी उगाच तीन आठवडे मनात धोंडा घेऊन फिरले.

१६ला मी रजा मागितली, पण त्या आठवड्यात आमची तपासणी आहे, साहेबांनी नाही म्हटलं. म्हणून सोबत एक पान जोडते आहे. त्यात शिक्का कसा वाचायचा ते मी लिहिलंय, कुणालाही कळेल असं. न्यायाधीशांनी मागितलं तर दे.

आणि त्या भाजीवालीला आणि टांगेवाल्याला विचार, त्यांची पाकिटं आहेत का.

ताई


बुधवार, ११ मार्च
दुपारी एक, जेवणाची सुट्टी

ताईस,

पत्त्याची बाजू बाहेर आहे. मागची बाजू समन्सला चिकटलेली, पण पाकिटाचं झाकण एका बाजूला उघडून पसरलंय, कारण पाकीट बंद ठेवलं तर फुगतं, म्हणून मी त्या वेळी झाकण उघडून सपाट केलं होतं. आणि मागचा शिक्का नेमका झाकणाच्या टोकावर आहे, म्हणून पत्त्याच्या बाजूनेच दिसतो. भिंगातून पाहिला.

समोरचा शिक्का: १४ फेब्रुवारी, दुपारी चार.
मागचा शिक्का: १७ फेब्रुवारी, सकाळी आठ.

म्हणजे त्यांनी दहाला रजिस्टरात लिहिलं, चौदाला, शनिवारी, पोस्टात टाकलं, रविवार सुट्टीचा, सोमवारी आमची तारीख, आणि मंगळवारी आमच्या हातात. हा कागद आम्हाला बोलवायला पाठवलेला नव्हताच, ताई. आम्ही आलो नाही असं लिहिता यावं म्हणून पाठवला होता. मी फार विचार करून हे वाक्य लिहिलंय. राग आला म्हणून लिहिलेलं नाही. बरं, राग आला म्हणूनही लिहिलंय.

भाजीवाली आजी बाजारात भेटली. तिने चारही पाकिटं तांदळाच्या डब्याखाली ठेवली होती, "सरकारी आहे, टाकू कशी?" म्हणून. तिने टांगेवाल्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी यंत्र तापवून ठेवायचं म्हणतो. आतापर्यंत नऊ घरांची पाकिटं यायची आहेत. दोन्ही बाजू दिसतील अशी घालीन, आणि समन्सला हात लावणार नाही.

मास्तर


बुधवार, १८ मार्च
सकाळी सात वाजून पाच मिनिटे, घरी, बटण अजून झोपलाय

ताईस,

बटण घरी आहे. आधी हे वाच आणि पाणी पी, मग पुढचं वाच.

रविवारी नऊ घरांची नऊ पाकिटं झाली. भाजीवालीचं एक, बाकीची तीन तिने दिली नाहीत, म्हणाली, "सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नये." मालक सोमवारी सकाळी आले, वापरलेलं प्लॅस्टिक मोजलं आणि म्हणाले, "नऊ पत्रे. दोन दोन रुपये. आणि सुट्टीच्या दिवशी वीज कुणाच्या तीर्थरूपांची?" मी म्हटलं, मजुरीतून कापा. ते म्हणाले, "कापणारच. निघ आता, उशीर होतोय. तिथे गेल्यावर पुढे पुढे कर, मागे मागे राहू नकोस."

सोमवारी पुकारा दोन वाजता झाला. कारकुनाने समन्स मागितलं, मी तेच दिलं. तो म्हणाला, "पुन्हा तेच?" मी म्हटलं, "साहेब, नवीन मिळणार नाही असं तुम्हीच म्हणालात." त्याने पेन उचललं. मी ते पान त्याच्या हाताखालून ओढून घेतलं आणि आत गेलो. शिपाई मागून "अहो, अहो" करत होता. आई माझ्या मागे, तिच्या मागे भाजीवाली, टांगेवाला आणि इतर. मी मागे वळून पाहिलं असतं तर माझे पाय थांबले असते, म्हणून पाहिलं नाही.

न्यायाधीशबाई साधारण आईच्या वयाच्या. चष्मा नाकावर. "ही काय मिरवणूक आहे?" म्हणाल्या.

 तुझं पान खिशात होतं, ते निघेना. शेवटी मी प्लॅस्टिक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "बाई, यावर दोन शिक्के आहेत. तुमच्या रजिस्टरात तिसरीच तारीख आहे. मला फक्त तीन तारखा एका ओळीत ठेवून दाखवायच्या आहेत."

त्यांनी ते पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. समोर पाहिलं, मागे पाहिलं. मग रजिस्टर मागवलं. कारकुनाला विचारलं, "हे दहाला कुणाला बजावलं?"

"मॅडम, कागद तयार झाला की आपण बजावलं लिहितो. पोस्टाचं तिकीट मिळायला दोन-चार दिवस जातात."

"आणि घरी पोहोचलं की नाही?"

"ते पोस्टाचं काम, मॅडम."

"म्हणजे या घराला बोलवायच्या आधी तुम्ही त्यांना बोलावून झालेलं असतं."

 तेव्हा पुढे झाला तो सायकलचा मालक, त्यालाही बोलावलं होतं. मी त्याला ओळखलं नाही, मला वाटलं कुणा पोराचा बाप असेल. तो म्हणाला, "मी मागच्याच महिन्यात, सोळा तारखेला सांगितलं होतं की माझी तक्रार नाही. सायकल मला परत मिळाली, दोन फेऱ्यांनी ती काही झिजली नाही. पण तुम्ही म्हणालात, मुलगा कुणाच्या हाती द्यायचा, घरचं कुणी आलंच नाही."

ताई, सोळा फेब्रुवारीला बटण सुटला असता. त्याच दिवशी, त्याच खोलीत. एक माणूस हवा होता, हात पुढे करणारा. आणि आम्ही इथे दाराखालची फट बघत बसलो होतो.

बाईंनी पाच मिनिटांत आदेश दिला. मुलगा आईच्या ताब्यात, जामीनपत्रावर सही. बाकीच्या नऊ पाकिटांसाठी रजिस्टर स्वतःकडे ठेवून घेतलं. आमची पहिली गैरहजेरी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. दुसरी खोडता येणार नाही म्हणाल्या, कारण त्या दिवशीचा शिक्का कुठेच नाही. आईने तेव्हा पुन्हा तळहात पुढे केला. या वेळी बाईंनी तो पाहिला आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "येण्या-जाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळतो. अर्ज करा."

बाहेर येऊन मी अर्ज केला. कारकुनाने वाचला, शुद्धलेखन बरोबर आहे म्हणाला, आणि परत दिला. भत्त्याच्या अर्जासोबत मूळ समन्स जोडावं लागतं. मागच्या बाजूला हजेरीचा शिक्का असलेलं.

बटणाने बसमध्ये एकच प्रश्न विचारला, "पहिल्या वेळी का नाही आलात?" मी त्याला दोन्ही शिक्के दाखवले. त्याने बोटाने चौदा आणि सतरा वाचलं. सोळा मधे कुठे बसतं ते त्याला कळलं. मग म्हणाला, "मी त्यांना म्हटलं होतं तुम्ही येणार. ते हसत होते." त्यानंतर घरापर्यंत तो माझ्या शर्टाची बाही धरून होता. चौदा वर्षांचा घोडा.

काल जेवताना तो उठून हात बांधून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "दादा, मी पाणी पिऊ?" आई ताटावरून उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

अर्ज मी फाडला नाही. खाली त्याचाच हिशेब उतरवून ठेवतो आहे. एक प्रत तुझ्याकडे असू दे, कारण इकडचे कागद कधी बंद होतील सांगता येत नाही.

माझी बुडालेली मजुरी, दोन अर्धे दिवस आणि दोन पूर्ण: ५४ रुपये
आईची, दोन दिवस: २८ रुपये
बसभाडे, सगळ्या फेऱ्या, येताना बटणाचं धरून: १४ रुपये
जामीनपत्राचा कागद: ५ रुपये
समन्सचं लॅमिनेशन: २ रुपये
एकूण खर्च: १०३ रुपये

देणं, मालकांना, नऊ पाकिटांचं: १८ रुपये
देणं, तुला, मनिऑर्डरीचं: २० रुपये (परत पाठवत नाही, लिहून ठेवतो)
एकूण देणं: ३८ रुपये

येणं, बाल न्यायालयाकडून: १०३ रुपये, नाकारले
येणं, तिथूनच: सोळा फेब्रुवारी ते सोळा मार्च, बटणाचे अठ्ठावीस दिवस. याचा दर कुणाला विचारायचा ते कळलं नाही, म्हणून रकाना मोकळा ठेवला आहे.

मास्तर